द्रोणाचार्यांचे हजेरीपुस्तक

२०२५ सालच्या धनत्रयोदशीची रात्र. जेवणे आटोपली होती. सौ. शंकरपाळ्यांचा डबा पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवण्याच्या विवंचनेत होती आणि मी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढून बसलो होतो. इतक्यात अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तो मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर या गावी शिकतो. फोनच्या इवल्याशा काचेत त्याचा चेहरा दिसला आणि त्याच्यामागे माणसेच माणसे.

“मामा, मी स्टेडियममध्ये आहे. कॉलेजची मॅच आहे!”

“कॉलेजची? मग एवढी गर्दी कशाची?”

भाचा हसला. त्या क्रीडांगणात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात, असे त्याने सांगितले. मी मनातल्या मनात हिशेब केला. आमचे लोणार गाव जनगणनेत पंचवीस हजारांच्या आतबाहेरचे. म्हणजे चार लोणारे त्या मैदानात सहज मावतील, आणि हे सारे कशासाठी, तर कॉलेजच्या पोरांचा खेळ पाहण्यासाठी! आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला दोनशे खुर्च्या मागवल्या तर चाळीस उरतात.

भाच्याने मला एक मुलगा दाखवला. “तो बघा, आमचा क्वार्टरबॅक. ब्राइस अंडरवुड. अठरा वर्षांचा आहे. पहिल्या वर्षाला.”

क्वार्टर हा शब्द आमच्याकडे सरकारी निवासस्थानासाठी वापरतात. (त्याचा दुसराही एक अर्थ आहे, पण तो दिवाळी अंकात नको.) तेव्हा हा क्वार्टरबॅक म्हणजे काय प्रकरण आहे, ते भाच्याला समजावून सांगावे लागले. अमेरिकेतला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू लांबट, संघात अकरा गडी. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. न्याल तर आणखी चार प्रयत्न, नाही तर बहुधा चेंडू प्रतिपक्षाकडे. दर वेळी चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. अंगावर रेड्यांसारखे गडी धावून येत असतात आणि त्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचे असते, की चेंडू कोणाकडे, किती लांब, किती उंच फेकायचा. नेम साधला तर लाख माणसे नाचतात. चुकला तर तीच लाख माणसे त्याचे नाव घेऊन बोटे मोडतात.

“आणि हा परीक्षा कधी देतो?” मी विचारले.

यावर भाचा इतका हसला की काचेतले चित्रच हलले. मग म्हणाला, “मामा, आपल्या जिल्ह्यात असा कोणी आहे का हो? विशीच्या आत जगाला हरवणारा?”

मी तत्काळ उत्तर दिले, “आहे की! बुलढाण्याचा प्रथमेश जवकार.”

पलीकडे क्षणभर शांतता. भाच्याने नाव ऐकले नव्हते. मी जरा ऐटीतच सौ.कडे पाहिले; तिनेही ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात विचारले. नऊजणांत दोघांना ठाऊक होते, आणि त्यातला एक शारीरिक शिक्षणाचा. तेव्हाच ठरवले, की यंदा दिवाळी अंकासाठी लिहायचे ते या मुलाविषयी लिहायचे.

आमचे लोणार नेमबाजीच्या बाबतीत तसे जगप्रसिद्धच. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक पाषाण असा काही नेम धरून येथे आदळला, की सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पडले आणि त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर झाले. त्यानंतर मात्र या तालुक्याने कोठे नेम मारल्याचे ऐकिवात नव्हते. मेहकर आणि चिखली करीत नव्वदेक किलोमीटर गेले, की अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आमचे जिल्ह्याचे ठिकाण लागते. बुलढाणा हे नाव ‘भिल्लठाणा’ यावरून आले, असे जुनी माणसे सांगतात. भिल्ल म्हटला की धनुष्य आलेच. तेव्हा या मातीतून तिरंदाज निपजावा यात नवल ते काय, असे आता म्हणता येते. पण नावे शतकानुशतके असतात आणि तिरंदाज मात्र कोणीतरी घडवावा लागतो.

बुलढाण्यात तो घडवणारा माणूस पोलीस दलात सापडतो. चंद्रकांत इलग हे त्यांचे नाव. पोलिसाची नोकरी म्हणजे काय, हे घरात पोलीस असलेल्यांना सांगायला नको. सण नाही, वार नाही, बंदोबस्त मात्र आहे. त्या नोकरीतल्या या माणसाने गावातल्या पोरांच्या हाती धनुष्य दिले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, बुलढाणा पोलीस दलातल्याच मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमधील चेंगदू येथे जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. प्रथमेश जवकार हा याच शाळेचा विद्यार्थी. या शाळेला ना घंटा, ना इमारत, ना माझ्यासारखे तासाला वेतन मोजणारे अध्यापक.

आता त्याच्या हातातल्या धनुष्याविषयी दोन शब्द. रामायण-महाभारताच्या चित्रांत आपण पाहतो ते हे धनुष्य नव्हे. याला ‘कंपाउंड’ म्हणतात, आणि गंमत अशी की हे मूळचे अमेरिकेतलेच. मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने साध्या धनुष्याची टोके कापून तेथे चाके बसवली आणि १९६९ साली त्याचे पेटंट मिळवले. विहिरीवरच्या रहाटाने जड घागर हलकी होते ना, तसा काहीसा हा प्रकार. दोरी ओढताना पूर्ण जोर लागतो. पण ती पुरती ताणली की चाके फिरून भार एकदम उतरतो आणि त्याचा लहानसा हिस्साच हातावर राहतो. त्यामुळे धनुर्धराला क्षणभर थांबून शांतपणे नेम धरता येतो. दोरी बोटांनी सोडायची नसते, त्यासाठी हातात एक छोटेसे साधन असते. पुष्कळदा त्याची कळ अंगठ्याने दाबायची असते. अंगठ्याची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

धनुष्याचा सगळा सरंजाम दोन-तीन लाख रुपयांच्या घरात जातो. बाण वेगळे. म्हणजे मध्यम परिस्थितीच्या घरात मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेकडे किंवा घराच्या हप्त्याकडे डोळा गेल्यावाचून राहत नाही. ‘मुलगा खेळतो’ एवढे दोन शब्दांचे वाक्य उच्चारण्यापूर्वी आई-बापांना असे हिशेब करावे लागतात.

लक्ष्य पन्नास मीटरवर असते. क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, तेवढे अंतर. त्यावर दहा गुणांचे वर्तुळ केवळ आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या घरच्या आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढे. सामना पंधरा बाणांचा, तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या. सगळे बाण वाटीत पडले तर दीडशे गुण. दोघे आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणाला वेळ वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत वारा येतो, छाती धडधडते, घाम डोळ्यांत उतरतो. या खेळात वरच्या पातळीवर कोणी चुकत नाही, अशीच चाल असते. जो एकदा कमी चुकतो तो जिंकतो.

२०२३ सालच्या मे महिन्यात शांघाय येथे विश्वचषकाची दुसरी फेरी होती. एकोणीस वर्षांचा प्रथमेश अंतिम सामन्यात पोहोचला आणि समोर कोण, तर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा धनुर्धर. तिरंदाजीच्या जगात या माणसाला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात, आणि ते उगाच नव्हे. २०१५ साली त्याने बंदिस्त जागेतल्या स्पर्धेत साठ बाणांत सहाशेपैकी सहाशे गुण मिळवले होते. त्याआधी ते कोणालाही जमले नव्हते. म्हणजे आमच्या परीक्षेच्या भाषेत, हा शंभरपैकी शंभर घेणारा विद्यार्थी. आणि त्याच्या शेजारच्या बाकावर बुलढाण्याचा पोर.

चार फेऱ्या झाल्या. बारा बाण. दोघांचेही गुण ११९. म्हणजे दोघांचाही फक्त एकेक गुण गेलेला. उरले तीन बाण. प्रथमेशने तिन्ही दहात घातले. श्लोसरचा एक गुण गेला. १४९ विरुद्ध १४८. बुलढाण्याचा मुलगा जिंकला.

हा सामना मी त्या दिवशी पाहिला नव्हता. पुढे केव्हातरी चित्रफीत पाहिली. मला त्यातले काय आठवते सांगू? शेवटचा बाण सोडण्यापूर्वीचा त्याचा चेहरा. त्यावर काहीच नव्हते. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक म्हणून मी वीस वर्षे पोरांचे चेहरे पाहतो आहे. भीती, आशा, बेफिकिरी, सारे ओळखू येते. हा चेहरा त्यांतला नव्हता. तो फक्त काम करीत होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतील हर्मोसियो येथे विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. वर्षभरातले निवडक धनुर्धरच तेथे बोलावतात. उपान्त्य सामन्यात पुन्हा श्लोसर. या वेळी प्रथमेशने पंधराच्या पंधरा बाण वाटीत घातले: १५० विरुद्ध १४९. अंतिम सामना डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी. दोघेही १४८ वर थांबले. मग एकेक बाणाचा निर्णय. दोघांचेही बाण दहाच्या वर्तुळात. पण फुलर्टनचा केंद्राच्या अधिक जवळ. प्रथमेशला रौप्यपदक. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एका गुणाचेही अंतर नव्हते, होते ते पट्टीने मोजण्याएवढे.

आणि ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धा. ५ ऑक्टोबरला अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५–२३० असे हरवून सांघिक सुवर्णपदक मिळवले. तिघांत दोघे विदर्भाचे! वैयक्तिक स्पर्धेत मात्र एका देशाचे दोघेच पुढे जाऊ शकतात. त्या दोन जागा ओजस आणि अभिषेक यांनी घेतल्या आणि अंतिम सामनाही त्या दोघांतच रंगला. ओजस १४९–१४७ असा जिंकला. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माणसाला एका वर्षात दोनदा हरवणारा आमचा मुलगा त्या वेळी बाजूला उभा राहिला. तेथे त्याला हरवले ते त्याच्याच संघातल्या सोबत्यांनी.

येथे मला भाच्याच्या क्वार्टरबॅकची आठवण होते. तेथेही मैदानावर एका वेळी क्वार्टरबॅक एकच असतो. बाकीचे, तेवढेच हुशार असोत, कडेला टोपी घालून उभे. कॉलेजात खेळायला साधारणपणे पाच वर्षांत चार हंगाम मिळतात. त्यात खांदा दुखावला, गुडघा मोडला, नवा प्रशिक्षक आला, की जागा गेली. मग पोरे कॉलेज बदलतात. त्यासाठी तेथे रीतसर व्यवस्था आहे. पुढे व्यावसायिक फुटबॉलात संघ अवघे बत्तीस. असंख्य पोरांची कारकीर्द विसाव्या-बाविसाव्या वर्षी संपते. लाख माणसांचा तो गजरही पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या नावाने होतो.

पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. २०२१ पासून तेथल्या कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आहे, आणि २०२५ पासून कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. त्याचे दुष्परिणामही असतील. विद्येच्या मंदिरात बाजार भरला म्हणून तेथले प्राध्यापकही कपाळाला हात लावीत असतील. तरी एक गोष्ट उरतेच. तो अठरा वर्षांचा मुलगा मैदानावर जातो तेव्हा त्याच्या मागे त्याचे कॉलेज उभे असते. आमच्याकडे पोरामागे एक पोलीस शिक्षक असतो, कर्ज काढणारा बाप असतो. कॉलेज कोठे असते?

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. म्हणूनच हा लेख लिहिणे सोपे गेले नाही.

लोणारला पहाटे विवराच्या काठाने फिरायला जा. अंधारात धापा टाकीत पळणारी पोरे भेटतील. ही ‘भरतीची पोरे’. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते, त्यासाठी त्यांची तयारी चाललेली असते. काही वर्षांपूर्वी त्यांत माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. इतर पोरे धावत, हा तरंगत असे. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सहकाऱ्याने त्याला विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी अमरावतीला पाठवायचे ठरवले. निवडीच्या दिवशीच माझी अंतर्गत चाचणी होती. मुलगा प्राध्यापक-कक्षाच्या दारात येऊन उभा राहिला.

“सर, मले परवा अमरावतीले जा लागते. टेस्ट मंग देली तं चालन का?”

मी हजेरीपुस्तक उघडले. त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या रेघा पुष्कळ होत्या. मी त्याला त्या मोजून दाखवल्या. पळून कोणाचे भले झाले आहे, असेही विचारले. तो काहीच बोलला नाही. “बरं सर,” म्हणाला आणि गेला.

चाचणीला तो हजर होता. पहिल्या बाकावर बसून त्याने तीन पाने लिहिली. वीसपैकी अकरा गुण. अमरावतीला तो गेला नाही. पुढे पळणेही सुटले. आज त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. धंदा बरा चालतो. मी दिसलो की उठून नमस्कार करतो, खुर्ची देतो, चहा मागवतो. फोनच्या काचेचे पैसे घेत नाही. त्याने एकदा तरी ती गोष्ट काढावी, असे मला वाटते. तो काढीत नाही.

वर्गात मी एकलव्याची गोष्ट शिकवतो तेव्हा द्रोणाचार्यांवर कडक टीका करतो. गुरूने शिकवले काहीच नाही आणि दक्षिणा म्हणून अंगठा मागितला, हा केवढा अन्याय, असे म्हणताना माझा आवाज चढतो; पोरीबाळींच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्या मुलाला मी पळायला कधी शिकवले होते? आणि मागितले काय? द्रोणाचार्यांनी निदान एकलव्याचे कौशल्य ओळखून तरी अंगठा मागितला. मी ते ओळखलेही नाही. मी केवळ वहीतल्या रेघा मोजल्या.

प्रथमेशच्या हातातली ती अंगठ्याची कळ मी चित्रफितीत पाहिली तेव्हा मला हे सारे आठवले. भिल्लठाण्याच्या या पोराचा अंगठा शाबूत राहिला, कारण त्याला योग्य वेळी योग्य माणूस भेटला. तो माझ्यासारखा भेटला असता तर?

प्रथमेशच्या कारकिर्दीचा शेवट या लेखात नाही, कारण ती संपलेली नाही. या खेळात निवड पुन्हापुन्हा होते आणि कालच्या पदकाला आज कोणी विचारीत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शांघायलाच भारताने सांघिक सुवर्ण मिळवले, तेव्हा अभिषेक वर्मा आणि प्रियांश यांच्याबरोबर प्रथमेश होता, पण तो प्रथमेश फुगे. २०२५ साली ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी पहिल्यांदाच सांघिक अजिंक्यपद मिळवले, त्यातही फुगेच. जवकारांचा प्रथमेश त्या चौकटींत नव्हता. असे होते. पण धनुर्धराला चार हंगामांची मर्यादा नसते. अभिषेक वर्मा २०१४ साली इंचॉनला सांघिक सुवर्ण जिंकले आणि नऊ वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, हांगझोऊलाही जिंकले. त्या हिशेबाने आमच्या मुलापुढे पुष्कळ दिवाळ्या आहेत.

त्यातली एक तर फार महत्त्वाची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याला प्रथमच प्रवेश मिळाला आहे. स्पर्धा एकच, मिश्र दुहेरी: एक पुरुष, एक स्त्री. म्हणजे साऱ्या भारतातून पुरुषाची जागा एक. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक सौम्य प्रकारही प्रथमच येतो आहे, त्यामुळे क्वार्टरबॅकही तेथे असतील. भाचा म्हणतो, तो तिकीट काढणार. मी म्हटले, “दोन्ही खेळांचे काढ. आपला मुलगा असो वा नसो, त्या वाटीकडे बघ.”

यंदा मी हजेरीपुस्तकात एक नवे चिन्ह सुरू केले आहे. हजर असेल त्यापुढे ‘ह’, गैरहजर असेल त्यापुढे ‘ग’, आणि मैदानावर असेल त्यापुढे ‘म’. नियमात हे बसते की नाही, ते मला विचारू नका. प्राचार्यांनी अजून पाहिलेले नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी भीतभीत दाराशी आली. तिला कबड्डीच्या निवडीसाठी जायचे होते आणि चाचणी बुडणार होती. मी तिच्या नावापुढे ‘म’ लिहिला आणि चाचणीचा दिवस बदलून दिला.

ती गेल्यावर मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडे गेलो. फोनला काही झाले नव्हते. तरी गेलो, आणि त्या अमरावतीच्या दिवसाची गोष्ट या वेळी मीच काढली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, “सर, चहा घ्या. थंडा होते.”